दहावा हिस्सा

गणित घेऊन एम.एस्सी. करावयाचे मी ठरविले, तेव्हा आमच्या घरात त्या विषयाबद्दल आदर पुष्कळ होता. परंतु त्याच्या आधारे चरितार्थ कसा चालतो, याची कोणालाच नीटशी कल्पना नव्हती. वकिलीला सनद असते, डॉक्टरीला दवाखाना असतो, गणिताला काय असते, असे थोरले काका विचारीत. वडिलांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. केंद्र सरकारने १९६३ साली सुरू केलेल्या राष्ट्रीय कर्ज-शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनीच कोठूनसा आणून दिला, आणि रक्कम मंजूर झाल्यावर जामीन राहण्यासाठी कामाचा खाडा करून ते माझ्याबरोबर कचेरीत आले. मुद्रांकाच्या जाड, पिवळसर कागदावर त्यांनी सवयीप्रमाणे मोडीत सही केली. कारकुनाने ती निरखून पाहिली आणि ‘बाळबोधीत करा’ म्हणून फर्मावले, तेव्हा तिच्याच खाली एकेक अक्षर सुटे काढीत त्यांनी दुसरी सही केली. त्या दोन सह्यांमध्ये शाईचा एक बारीक ठिपका पडलेला आहे. दुसरी सही करण्यापूर्वी टाक तेथे क्षणभर थांबला असावा.

त्या योजनेत अभ्यासक्रम पाहून सालीना ७२० ते १७५० रुपये मिळत आणि त्यावर व्याज नसे. परंतु रोख्याचा खरा प्राण निराळ्याच एका कलमात होता: कर्जदाराने पुढे अध्यापनाचा पेशा पत्करल्यास नोकरीच्या प्रत्येक वर्षागणिक कर्जाचा दहावा हिस्सा माफ व्हावा. ज्याने हे कलम लिहिले त्याला शिक्षकाचा पगार किती असतो आणि गणिताच्या पदवीधराला अन्यत्र किती मिळू शकते, या दोन्ही गोष्टींची पुरती जाणीव असली पाहिजे. ही तफावत शिक्षकाच्या थोरवीवरील व्याख्यानांनी भरून निघत नाही, तिच्यापोटी सरकारी तिजोरीतून काही सोडावे लागते, हे त्याने ओळखले होते.

पदवी हाती आली तेव्हा माझ्यापुढे दोन वाटा होत्या. माझा एक सहाध्यायी आयुर्विमा महामंडळात गेला, विमागणिताच्या अवघड परीक्षा एकामागून एक देत वर चढला, आणि त्याचे पहिलेच वेतन माझ्या वेतनाहून बरेच अधिक होते. मी एका तालुक्याच्या गावी नव्या निघालेल्या महाविद्यालयात रुजू झालो. हा निर्णय निव्वळ ध्येयवादाने घेतला असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. त्यात हिशेबही होता, आणि तो हिशेब करता येण्याजोगा होता, ही त्या रोख्याची माझ्यावरील मोठी कृपा. कर्ज माझ्या मागे लागलेले नव्हते. मी शिकवीत राहिलो की ते आपोआप उतरत होते.

तेथील वर्गात मी दरवर्षी द. रा. कापरेकरांची संख्या शिकवीत असे. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करता करता त्यांनी दाखवून दिले होते की, सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यांतून चढत्या क्रमाची मांडणी वजा करावी, आलेल्या बाकीचे पुन्हा तसेच करावे, म्हणजे फार तर सात वजाबाक्यांत ६१७४ हाती लागते. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८३५२, आणि तिसऱ्या खेपेस ६१७४. शेतावरून थेट वर्गात येणारी मुले आपापल्या संख्या घेऊन वहीत वजाबाक्या करीत, आणि वेगवेगळ्या बाकांवरून तोच आकडा उठू लागला की त्यांच्या चेहऱ्यांवर जो अविश्वास उमटे, तो पाहण्यासाठी मी वेतनातील पुष्कळशी तूट आनंदाने सोसली असती. दरसाल प्राचार्यांच्या सहीशिक्क्याचा दाखला जाई आणि बाकी एका हिश्श्याने कमी होई. दहा हिस्से पुरे झाल्यावर रोखा परत आला, तो वडिलांनी स्वतः घडी घालून ठेवला.

गतवर्षी माझ्या धाकट्या भावाच्या नातीने आपले बँकेचे कागद माझ्यापुढे ठेवले. गणिताची पदवी आणि पुढे बी.एड. असा तिचा मूळ बेत होता. मुद्दल आणि शिक्षण चालू असता साचलेले व्याज मिळून ५ लाख धरले, तर १० टक्के दराने १० वर्षांत फेडण्यासाठी दरमहा सुमारे ६,६०० रुपये पडतात, आणि एकूण भरणा ७ लाख ९० हजारांच्या वर जातो. माध्यमिक शाळेत नव्याने लागणाऱ्या शिक्षणसेवकाला पहिली ३ वर्षे १८,००० रुपये मानधन आहे, आणि तेही २०२३ मध्ये वाढविल्यानंतरचे. महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवावे, तर सुटीच्या महिन्यांत हप्ता चालू आणि मिळकत बंद. “आजोबा, तिसऱ्या भागाहून जास्त हप्त्यातच जातंय,” ती म्हणाली. मी तो हिशेब पुन्हा मांडून पाहिला. त्यात कोठेही चूक नव्हती.

ती आता मुंबईस एका विमा कंपनीत आहे आणि मन लावून परीक्षा देते. त्या व्यवसायाविषयी माझ्या मनात आदरच आहे. दुःख याचे होते की, ज्या मुलीला लहान भावंडांना अपूर्णांक समजावून देताना मी तासन्‌तास पाहिले, तिच्यापुढे शिकविण्याची वाट क्षणभरही खुली राहिली नाही. बँकेला व्याज सुटत नसेल तर न सुटो; परंतु शाळेत भरलेल्या प्रत्येक वर्षाच्या दाखल्यावर कर्जाचा दहावा हिस्सा सरकारने बँकेकडे भरावा, एवढी तजवीज करणे आजही अशक्य नाही. ५ लाखांच्या कर्जावर ती रक्कम सालीना ५० हजार होते, आणि एखाद्या तालुक्याच्या शाळेला मनापासून गणित शिकविणारी बाई मिळण्यासाठी ती मला कोणत्याही हिशेबाने अधिक वाटत नाही.