उसाची ट्रॉली कुठे संपते?

बाणेरच्या आमच्या ऑफिसात दिवसभर चौकटी काढायचं काम चालतं. गाडीच्या काचेमागे बसवलेल्या कॅमेऱ्याने टिपलेला रस्ता समोर येतो, त्यात ही कार, हा ट्रक, हा पादचारी असं आखून द्यायचं. त्यावरून संगणक शिकतो आणि पुढे कुणाच्या तरी गाडीचा ब्रेक आपोआप लावतो. चाकणला बनलेल्या एक्सयूव्ही 700 मध्ये 2021 साली ही सोय आली, तेव्हापासून ती लोकांच्या तोंडी आली. फुटेजमधले चेहरे आधीच पुसट केलेले असतात. पुण्यातल्या स्कार्फवाल्या मुलींना त्याची गरज नसते, ती गोष्ट वेगळी.

सुरुवातीला सगळं शहरातलं फुटेज होतं. नळ स्टॉप, स्वारगेट, नवले पूल. नियमावलीप्रमाणे दुचाकी वेगळी आणि स्वार वेगळा. इथे तिघं जण, मधल्याच्या मांडीवर सिलिंडर. वाद चहापर्यंत चालायचा. जगभर वापरला जाणारा 'सिटीस्केप्स' हा 2016 चा चित्रसंच 50 शहरांतला, पण त्यातली बहुतेक जर्मनीतली. त्यात रिक्षाला जागा कुठून असणार? हैदराबादच्या ट्रिपल आयटीने इंटेलबरोबर 2018 मध्ये आपल्याकडच्या रस्त्यांची सुमारे 10,000 चित्रं पुढे आणली, त्यात रिक्षाला नि जनावरांना स्वतःचा वर्ग मिळाला.

मग सोलापूर हायवेचं रात्रीचं फुटेज आलं. यवत, चौफुला, पाटस. माझं गाव त्याच पट्ट्यातलं, दौंड तालुक्यात. गळीत हंगाम सुरू झालेला, त्यामुळे पहिल्याच फ्रेममध्ये ट्रॅक्टरमागे डबल ट्रॉली. शेजारच्या मुलाने 'ट्रक' लावलं आणि चौकटीची खालची कड उसाच्या लोंबणाऱ्या वाढ्यावर आणून ठेवली. मी त्याला थांबवलं.

एकाच कॅमेऱ्यावरून अंतर काढायचं, तर चाक रस्त्याला टेकतं ती जागा धरतात. चित्रात ती जागा जितकी वर, तितकी गाडी लांब. लांबच्या गाडीच्या बाबतीत दोन-चार पिक्सेल इकडे तिकडे झाले की अंतर कित्येक मीटरने चुकतं. उसाच्या ट्रॉलीची चाकं मागून धड दिसत नाहीत. ऊस अधांतरी लोंबतो, म्हणून कड त्याच्या टोकाला ठेवली की यंत्राला ट्रॉली आहे त्याहून लांब वाटणार. चाकं अंदाजाने धरली तर ट्रॉलीचं अंतर बरोबर येतं, पण ऊस चाकांच्याही मागे आलेला असतो आणि मागून येणारा आधी त्यावरच आदळतो. काही गाड्यांत जोडीला रडार असतं; पण लोखंड त्याला जसं ठळक दिसतं, तसा ऊस दिसत नाही.

टीम लीड म्हणाला, "नियमावलीत नाहीये हे. ट्रेलर लाव आणि पुढे हो." त्याचंही खोटं नव्हतं, आमचा हिशोब फ्रेमवर होतो. पण मी ती बॅच पुढे पाठवली नाही. शेवटी ज्यांचं काम होतं त्यांच्या इंजिनिअर मॅडम व्हिडिओ कॉलवर आल्या.

"ऊस साधारण किती मागे येतो?"

"ते भरणाऱ्यावर आहे, मॅडम. पैसे टनावर मिळतात."

हे उत्तर त्यांच्या कुठल्याच रकान्यात बसणारं नव्हतं. तरी त्यांनी तोड काढली: चाकांची जागा वेगळी नोंदवायची आणि बाहेर आलेल्या मालाची कड वेगळी आखायची. पुढे त्याच वर्गात टेम्पोतून बाहेर आलेल्या सळया आल्या, बांबू आले. मला विचाराल तर ऑफिसातलं खरं उपयोगी काम तेवढंच झालं.

माझा थोरला भाऊ ट्रॅक्टरवर आहे. सुट्टीला गावी गेले तेव्हा त्याची ट्रॉली भरून उभी होती. कारखान्याने लावलेले रिफ्लेक्टर वाढ्याखाली पार झाकलेले.

"दादा, मागचं वाढं छाट की. कॅमेऱ्याला काही दिसत नाही."

"तुझ्या त्या कॅमेऱ्याच्या गाड्या कुणाकडं हायेत गं? वीस लाखवाल्यांकडं. त्यांच्यासाठी मी खेप थांबवू? पहाटं मागनं दूधवाला येतो स्प्लेंडरवर, किटल्या अडकवून. त्याला कुठला कॅमेरा?"

"मग त्याच्यासाठी छाट," मी म्हटलं आणि कोयता त्याच्या हातात दिला.