ओझोनची पेटी मी बंद केली

तीस वर्षं मी ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर होते, आधी अकोल्यात, मग अमरावतीत. ऑटोक्लेव्हमधून निघालेल्या ड्रमवरच्या टेपचे पट्टे काळे झालेले दिसल्याशिवाय मी ड्रम उघडू दिला नाही. १२१ अंश, पंधरा पौंड दाब, वीस मिनिटं, हे नव्या मुलींकडून घोकून घेतलं. म्हणूनच पुढचं सांगणं जड जातं.

२२ फेब्रुवारी २०२१ च्या रात्री अमरावतीत टाळेबंदी लागली. त्याच आठवड्यात मी वस्तू निर्जंतुक करायला ओझोन वायूची पेटी घेतली. नोटा, किल्ल्या, मोबाइल, आईच्या नेब्युलायझरचा मास्क, सगळं तिच्यात. झाकण उघडलं की वीज कडाडून गेल्यावर येतो तसा उग्र वास यायचा आणि मला वाटायचं, झालं निर्जंतुक. शेजारच्या दोघींनाही मी पेटी घ्यायला लावली.

आईला दमा. ती म्हणायची, "काय वास येऊन रायला व बाई, छातीत चरचर करते." मी खिडकी उघडायचे, पेटी मात्र चालूच.

मार्चमध्ये मास्कचं इलॅस्टिक हातातच तुटलं. आतलं रबर तडकलं होतं. ओझोन रबर खातो, हे तेव्हा वाचलं. मग बाकीचंही वाचत गेले.

ओझोन जंतू मारतो, यात खोटं नाही. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून त्याने पिण्याचं पाणी शुद्ध केलं. हत्यारं निर्जंतुक करणारी ओझोनची यंत्रंही आहेत. पण त्यांत आधी आतली हवा ओढून घेतात, ओलावा सोडतात, काही तास वायू खेळवतात आणि उरलेल्या ओझोनचा पुन्हा ऑक्सिजन करूनच दार उघडतात. कोरड्या हवेत ओझोनचा जोर फार कमी पडतो, आणि आमच्या वऱ्हाडात मार्चमध्ये ओलं लुगडं तासाभरात खडखडीत वाळतं! माझ्या पेटीत ना ओलावा, ना मोजमाप, ना टेप. ज्या वासाला मी पुरावा मानलं, तो दमेकरी आईच्या खोलीत वायू गळत असल्याचा वास होता. कामाच्या जागी आठ तासांसाठी अमेरिकेने घातलेली मर्यादा हवेच्या एक कोटी भागांत एक भाग ओझोन, इतकी कडक आहे. माझ्या खोलीत किती होता, हे मी कधी मोजलंच नाही.

दोन्ही शेजारणींकडे जाऊन मी चूक सांगितली. आईची मी माफी मागितली. मास्क आता साबणाच्या पाण्याने धुऊन वाळवते.

तुमच्या घरात अशी पेटी असेल आणि दम्याचं माणूस असेल, तर ती आजच बंद करा.