गवताखालची नाणी

इंग्लंडमधल्या बहुतेक गावांत एक तरी हिरवंगार मैदान किंवा बाग असतेच. तिथे मुलं क्रिकेट खेळतात, लोक कुत्र्यांना फिरवायला आणतात, ऊन पडलं की चटया टाकून खात-पीत बसतात. आता सांगा बरं, जिथे माणसं बसतात, लोळतात, तिथे त्यांच्या खिशातून काय पडतं? बरोब्बर, नाणी! पडलेलं नाणं काही वर्षं तसंच राहिलं, तर ते आपोआप मातीत जातं. गांडुळं खालची माती वर आणून टाकत राहतात आणि नाणं हळूहळू खाली खाली सरकतं.

अशी नाणी शोधण्याचा छंद तिकडे पुष्कळांना आहे. मे महिन्याच्या सुट्टीत मी माझ्या मावसबहिणीकडे ब्रिस्टलला गेले होते. तिच्या शेजारी या छंदाचे एक आजोबा राहतात. एका शनिवारी सकाळी ते मला सोबत घेऊन गेले.

त्यांच्याजवळचं यंत्र म्हणजे मेटल डिटेक्टर. मोठ्या देवळात किंवा स्टेशनात शिरताना ज्या चौकटीतून जावं लागतं, तिचाच हा भाऊ! एक लांब दांडा, त्याच्या खालच्या टोकाला थाळीएवढी चकती आणि कानाला हेडफोन. चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून वीज खेळते आणि चुंबकीय क्षेत्र तयार होतं. खाली धातू असला की त्यातही बारीकशी वीज खेळू लागते, चकतीला ती कळते आणि कानात ‘टुंई’ असा आवाज होतो. पण यंत्राला शहाणपण थोडंच असतं? शीतपेयाच्या डब्याची कडी आणि राजाचं नाणं, दोन्हींसाठी ते जवळपास सारखंच ओरडतं. आजोबांच्या पिशवीत तासाभरात कड्याच जास्त जमल्या.

मैदानावर पाऊल ठेवण्याआधी त्यांनी खिशातला एक कागद मला दाखवला. परवानगीचं पत्र! बाग सगळ्यांची असली तरी तिला मालक असतोच, बहुतेक वेळा तिथली नगरपालिका. काही ठिकाणी परवानगी मिळते, काही ठिकाणी मुळीच नाही. लंडनच्या हाईड पार्कसारख्या शाही बागांत तर हे यंत्र चालवायलाच बंदी आहे.

आणि आता खरी गंमत. मला वाटलं, आवाज झाला की आजोबा कुदळ मारणार. छे! त्यांनी आधी चकती उभी-आडवी फिरवून नेमकी जागा ठरवली. मग धारदार हातखुरप्याने गवतात घोड्याच्या नालेसारखी चीर पाडली. तीन बाजूंनी कापलं, चौथी बाजू तशीच ठेवली. मग ते गवत मुळांसकट डब्याच्या झाकणासारखं अलगद उचलून उलटं केलं. एक बाजू जोडलेली राहिली की मुळं जगतात आणि किडे शोधणारे कावळे ते झाकण उचकटून टाकत नाहीत. शेजारी एक जुनं फडकं पसरलेलं होतं. खड्ड्यातली सगळी माती त्या फडक्यावर! गवतावर एक कणसुद्धा नाही.

चार-पाच इंच खोलीवर एक मोठी, हिरवट-काळी चकती निघाली. जुनी पेनी! एका बाजूला हातात त्रिशूळ घेतलेली ब्रिटानिया आणि दुसऱ्या बाजूला सहावे जॉर्ज. हेच राजे १९४७ पर्यंत आपल्याही रुपयावर होते बरं का! अशा २४० पेन्यांचा एक पौंड होत असे. १९७१ साली तो हिशेब बदलला आणि पौंडाचे शंभर भाग झाले.

मी ती पेनी पदराने पुसायला गेले, तर आजोबांनी झटकन हात पुढे केला. नाणं घासायचं नाही! मातीतले वाळूचे कण काचकागदासारखे ओरखडे पाडतात. आपल्याकडे तांब्या-पितळेला चिंच लावून लख्ख करतात ना, ते जुन्या नाण्याला कधीच करायचं नाही. मग त्यांनी यंत्र पुन्हा खड्ड्यावर धरून पाहिलं, फडक्यातली माती परत ओतली, गवताचं झाकण मिटलं आणि बुटाने दाबलं. दहा पावलं पुढे जाऊन मी मागे वळून पाहिलं, तर खड्डा कुठे होता तेच सापडेना. कडक उन्हाळ्यात पाऊस नसेल तर ते गवताळ जागेत खणतच नाहीत. कापलेलं गवत वाळून पिवळा डाग पडतो, आणि अशा डागांची तक्रार झाली की पुढच्या वर्षी कुणालाच परवानगी मिळत नाही.

ब्रिस्टलहून आगगाडीने तासाभरात टाँटन गाव येतं. तिथल्या किल्ल्यात सॉमरसेटचं संग्रहालय आहे. आजोबांनी बजावलं होतं, म्हणून मी मुद्दाम गेले. तिथे फ्रोम गावाजवळ सापडलेला नाण्यांचा साठा ठेवला आहे. किती नाणी असतील? ५२,५०३! सगळी रोमन, सतराशे वर्षांहून जुनी, वजन सुमारे १६० किलो.

एप्रिल २०१० मध्ये डेव्ह क्रिस्प नावाचे गृहस्थ एका शेतात यंत्र फिरवत होते. ते इस्पितळात स्वयंपाक्याचं काम करत. थोडं खणल्यावर त्यांना एक मडकं आणि नाणी दिसली. तुम्ही असतात तर काय केलं असतं? मी तर अधाशासारखं उकरलं असतं! क्रिस्प यांनी हात थांबवला, माती परत लोटली आणि पुरातत्त्व खात्याच्या माणसांना कळवलं. त्या तज्ज्ञांनी तीन दिवस खपून मडकं थराथराने रिकामं केलं आणि प्रत्येक थराची नाणी वेगवेगळ्या पिशव्यांत भरली.

त्यामुळे काय कळलं, पाहा. कॅरॉसियस नावाच्या सेनापतीने बंड करून ब्रिटनमध्ये २८६ ते २९३ या काळात राज्य केलं. साठ्यातली शेवटची नाणी त्याची. मडकं वर्षानुवर्षं भरत गेलं असतं, तर ही नाणी सगळ्यांत वर असायला हवी होती. पण बरीचशी निघाली खालच्या थरात! म्हणजे मडकं एकदमच भरलेलं. शिवाय ते इतकं पातळ होतं, की भरल्यावर उचललं तर फुटलंच असतं. तेव्हा आधी मडकं पुरलं आणि मग त्यात नाणी ओतली. हे धन परत काढायचंच नव्हतं, देवाला वाहिलं होतं, असं काही अभ्यासकांना वाटतं. मला ते पटतं. क्रिस्प यांनी मडकं पोत्यात उपडं केलं असतं, तर यातलं काहीच कळलं नसतं. नाण्यांची किंमत ३,२०,२५० पौंड ठरली आणि ती क्रिस्प व शेतमालक यांना मिळाली.

आमच्या नाशिक जिल्ह्यातही १९०६ साली जोगलटेंभीला असाच साठा सापडला होता. चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी, नहपान राजाची. त्यांतल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपले ठसे पुन्हा मारलेले! कोण जिंकलं आणि कोण हरलं, ते नाण्यांनीच सांगितलं.

नांगरताना किंवा विहीर खणताना तुमच्या घरच्यांना असं काही सापडलं तर? आपल्याकडे १८७८ चा कायदा आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडलं, की कलेक्टरसाहेबांना लेखी कळवावं लागतं. तालुक्याला तहसीलदार कचेरीत गेलात तरी पुढची वाट सांगतील. किल्ल्यांवर आणि लेण्यांजवळ मात्र खणायला मनाईच आहे. आणि तोवर नाणी हलवू नका, धुऊ नका. जागेवर फांदी रोवून खूण करा आणि वर माती लोटून ठेवा, नाहीतर गाईगुरांचा पाय अडकायचा.