साल कुणाची?

अनुवादाला बसलं की लांबलचक वाक्यांपेक्षा साधी विशेषणंच जास्त अडवतात. 'स्किनलेस' हे त्यांतलं एक. अर्थ सरळ आहे: स्किन नसलेलं. पण मराठी लगेच विचारते, कुणाची? माणसाची त्वचा, कोंबडीची कातडी, फळाची साल, कांद्याचा पापुद्रा, दुधावरची साय. इंग्रजीत या सगळ्यांना एकच 'स्किन' पुरते.

पाककृतींचं पुस्तक करताना मी 'कातडी काढलेलं चिकन' लिहिलं, मुगाच्या डाळीला 'बिनसालीची' म्हटलं. तिथे काम भागलं. मग आलं 'स्किनलेस सॉसेज'. त्याचा खिमा सेल्युलोजच्या नळीत भरून शिजवतात आणि तो घट्ट झाला की नळी कारखान्यातच सोलून टाकतात. इथे ना साल, ना कातडी. मी 'वरचं आवरण काढलेलं' असं लिहून मोकळी झाले.

तेव्हा एक लक्षात आलं. आपल्या 'सोललेला', 'काढलेला' या शब्दांत सोलणारा हात दिसतो. इंग्रजी 'स्किन्ड'मध्येही तो आहे. 'स्किनलेस'मध्ये मात्र नुसतं नसणं. त्यातला 'लेस' म्हणजे 'कमी' नव्हेच. 'विना' या अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दातून तो प्रत्यय आला आहे.

हा फरक खरा कळला तो एका कथेत. आई गेल्यानंतर नायिका पहिल्यांदा रस्त्यावर येते, तेव्हा लेखिका तिला 'स्किनलेस' म्हणते. 'त्वचाहीन' लिहिलं, तर शरीरशास्त्राच्या तक्त्यावरचा लाल स्नायूंचा माणूस समोर उभा राहिला. 'सोललेली' म्हणावं, तर कुणी सोललं? 'हळवी' हा तर स्वभाव झाला. ही बाई कालपर्यंत खंबीर होती.

दोन दिवस ती ओळ रिकामी ठेवली. मग लहानपणीचा पाय आठवला. पायावर उकळता चहा सांडला होता. फोड फुटून कातडी निघाली, खाली गुलाबी, ओलसर मांस. औषधापेक्षा त्रास द्यायचा तो वारा. आई जवळून गेली आणि तिच्या पदराची झुळूक लागली तरी मी कळवळायचे.

मी लिहिलं: 'त्या दिवशी तिला वारासुद्धा झोंबत होता.'

विशेषण गेलं, त्याच्या जागी क्रियापद आलं. ते मी तसंच राहू दिलं.