नळीतली जिवंत साखर

रेवदंड्याच्या लॅबमध्ये आत्याचं रक्त दोन नळ्यांत भरलं गेलं, एक करड्या बुचाची, एक जांभळ्या. दोन कशाला, असं मी सहज विचारलं आणि तिथल्या ताईंनी जे सांगितलं त्याने मी थक्कच झाले! रक्त अंगाबाहेर आलं तरी त्यातल्या पेशी जिवंतच असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत तासाला ५ ते ७ टक्के साखर अशी संपते. नमुना रेवदंड्याहून मुंबईला पोचेपर्यंत फास्टिंगचा आकडा चांगलाच घसरलेला असू शकतो! म्हणून करड्या नळीत सोडियम फ्लोराइड असतं. ते हे खाणं रोखतं. तेही लगेच नाही, त्यामुळे नमुना पटकन थंड करावा लागतो.

आणि जांभळी? ती तर कमालच! रक्तातली साखर तांबड्या पेशींतल्या हिमोग्लोबिनला चिकटते, ती पेशी मरेपर्यंत सुटत नाही. पेशी जगते साधारण १२० दिवस. म्हणूनच एचबीए१सी, आपल्याकडची 'तीन महिन्यांची शुगर'. मधुमेहींच्या रक्तातलं हे वेगळं हिमोग्लोबिन १९६८च्या सुमारास तेहरानमध्ये सॅम्युअल रहबर यांना दिसलं. आत्या तपासणीआधी चार दिवस भात आणि तांदळाची भाकरी सोडते. त्याने फास्टिंग खाली येईल, पण ही तपासणी बधत नाही. ७ टक्के आले म्हणजे सरासरी साखर १५४ मिलिग्रॅमच्या आसपास होती, बस्स!

फास्टिंग १२६, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी २००, किंवा एचबीए१सी ६.५ : यातलं काही गाठलं की मधुमेह. लक्षणं नसतील तर पुन्हा तपासून खात्री करायची. फास्टिंग १०० ते १२५, एचबीए१सी ५.७ ते ६.४ हा उंबरठा, आणि मला तोच सर्वांत मोलाचा वाटतो, कारण इथून मागे फिरता येतं.

एक मात्र बायकांनी जरूर ध्यानात ठेवावं. अंगात लोह कमी असेल तर एचबीए१सी खोटीच वाढलेली दिसू शकते. सिकलसेलमध्ये ती फसवी कमी येऊ शकते. म्हणून हिमोग्लोबिनचा रिपोर्टही डॉक्टरांपुढे ठेवा.

आणि 'मी तर काटकुळा, मला कसला मधुमेह' म्हणू नका. बारीक दिसणाऱ्या भारतीयांच्या अंगातही चरबी जास्त असते, हे पुण्याच्या केईएममधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी कधीच दाखवून दिलंय. तिशी उलटली असेल तर आपल्या आशाताईंना विचारा, जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. तिथे साखरेची तपासणी मोफत होते.