टोपीकरांचा तास

ज्या गृहस्थानें उभ्या आयुष्यांत किराण्याचें एक दुकानहि चालविलें नाहीं, ज्याला घरचा जमाखर्च दरमहा पत्नीकडून तपासून घ्यावा लागतो, त्यानें देशोदेशीं पसरलेल्या अवाढव्य कंपन्यांनीं आपला कारभार कसा हांकावा हें आठवड्यांतून चार तास शिकवावें, यांत थोडा विनोद आहे हें मला मान्य आहे. माझे एक व्यापारी स्नेही तर तोंडावरच म्हणतात, "प्रोफेसर, तुम्ही पोहायला शिकवितां, पण तुमचें धोतर कधीं ओलें झालेलें दिसत नाहीं!" मी धोतर नेसत नाहीं, परंतु तेवढ्यानें त्यांचा मुद्दा लंगडा पडतो असें नाहीं.

माझा विषय व्यवस्थापनाच्या अभ्यासक्रमांत 'स्ट्रॅटेजी' या नांवानें ओळखला जातो. या शब्दाला मराठी जोड शोधण्यांत मीं पुष्कळ वेळ घालविला आहे. 'धोरण' म्हणावें तर तें सरकारी वाटतें. 'डावपेच' म्हणावें तर तांबड्या मातीचा वास येतो. आणि 'व्यूहरचना' म्हटलें कीं अभिमन्यूची आठवण होऊन पुढच्या बातमीची धास्ती वाटूं लागते. मूळ ग्रीक शब्द सेनापतीवरून आलेला आहे, आणि आमचे विद्यार्थीहि वर्गांत सेनापतीच्याच आवेशानें शिरतात. त्यांना दोष देतां येत नाहीं, कारण आमची पद्धतच तशी आहे. एखाद्या कंपनीवर खरोखर गुदरलेला प्रसंग वीस-पंचवीस पानांत मांडावयाचा, निर्णयाच्या क्षणीं तो मुद्दाम तोडावयाचा, आणि "आतां तुम्ही काय कराल?" असें विचारून शिक्षकानें गप्प बसावयाचें. बावीस वर्षांचा मुलगा दीड तासापुरता कंपनीचा सर्वाधिकारी होतो. तो कारखाने उघडतो, बंद करतो, हजार माणसें इकडचीं तिकडे करतो, आणि घंटा झाल्यावर चहाला जातो.

सत्राची सुरुवात मी केलॉग कंपनीपासून करतों, कारण तिच्यावर हंसणें सोपें आहे. ही अमेरिकन कंपनी १९९४ सालीं भारतांत आली, मुंबईजवळ तळोजें येथें तिनें कारखाना काढला, आणि थंड दुधांत कुरकुरीत राहणारे मक्याचे पोहे आम्हांला न्याहरीस देऊं केले. येथें सकाळचें दूध तापवूनच घ्यावयाची रीत! गरम दुधांत पडतांच त्या पोह्यांचा लगदा होई. "हें तर माझी आईसुद्धां सांगूं शकली असती," असें दरवर्षीं कोणी तरी म्हणतोच, आणि वर्ग खूष होतो. मग मी एवढेंच विचारतों कीं, तीस वर्षें उलटलीं तरी तींच खोकीं आपल्या वाण्याच्या फळीवर चिवड्याच्या शेजारीं कां दिसतात? हंसणें हळूहळू ओसरतें. मोठ्या कंपनीचें खरें बळ तिच्या अकलेंत नसतें. दहा वर्षें तोटा सोसून माणसाची न्याहरी बदलण्याची वाट पाहण्याइतका पैसा तिच्यापाशीं असतो, त्यांत तें असतें.

यानंतर शास्त्र. पंकज घेमावत यांनीं २००१ सालीं देशादेशांतील अंतरें चार प्रकारचीं सांगितलीं: सांस्कृतिक, शासकीय, भौगोलिक आणि आर्थिक. हीं मुलांना पाठ होतात, तेव्हां त्यांविषयीं येथें अधिक लिहीत नाहीं. मला मौज वाटते ती निराळीच. घेमावत, प्रल्हाद, सुमंत्र घोषाल हे तिघेहि जन्मानें भारतीय. परदेशीं कंपन्यांनीं परक्या मुलखांत कसें वागावें हें त्यांनीं पश्चिमेच्या विद्यापीठांतून जगाला शिकविलें. वाड्याच्या वाटा वाड्यांत वाढलेल्यालाच ठाऊक असावयाच्या!

परंतु या शास्त्राचा माझ्या मतें सर्वांत जुना मराठी पाठ यजमानाच्या बाजूनें लिहिलेला आहे, आणि तो तीनशें वर्षांपूर्वींचा आहे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत टोपीकरांविषयीं जो मजकूर आहे तो मी दरवर्षीं वर्गांत समजावून सांगतों. इतर सावकार केवळ सावकारी करतात. टोपीकरांच्या पाठीशीं मात्र त्यांचे राजे आहेत आणि त्यांच्या मनांत भूमीची हांव आहे, म्हणून त्यांना खाडीच्या तोंडाशीं, समुद्रकांठीं वखारीस जागा देऊं नये. द्यावयाचीच तर किनाऱ्यापासून आंत, आपल्या नजरेखालीं द्यावी, असा त्याचा आशय. व्यापार बंद करावा असें अमात्य कोठेंहि म्हणत नाहींत. जागा कोणती द्यावी, एवढाच त्यांचा प्रश्न आहे.

हें सांगून झालें कीं मी फळ्यावर वाशिष्ठीचें मुख काढतों. उत्तरेच्या तीरावर दाभोळ, दक्षिणेच्या तीरावर गुहागर तालुक्यांतील अंजनवेल. 'दाभोळ पॉवर कंपनी'चा प्रकल्प दाभोळास नाहींच, तो पलीकडे अंजनवेलीस आहे. नांव एका तीराचें आणि धूर दुसऱ्या तीरावर! अमेरिकेच्या एन्रॉन कंपनीनें १९९२ च्या जूनमध्यें महाराष्ट्र राज्य वीज मंडळाशीं प्राथमिक करार केला, तोहि स्पर्धेच्या निविदा न मागवितां. १९९३ च्या डिसेंबरांत वीजखरेदीचा करार झाला. एकूण २,०१५ मेगावॅटचा प्रकल्प. मंडळाला वीज लागो वा न लागो, ठरलेला स्थिर आकार वीस वर्षें द्यावयाचा. डॉलर चढेल तसा बोजा चढावयाचा. वर राज्याची हमी आणि केंद्राची प्रतिहमी. हा प्रकल्प आर्थिक दृष्ट्या परवडणारा नाहीं असें जागतिक बँकेनें १९९३ मध्येंच कळविलें होतें. पुण्याच्या 'प्रयास' संस्थेनेंहि कराराची चिरफाड करून दाखविली होती. १९९५ सालीं राज्यांत सत्तापालट झाला आणि ऑगस्टमध्यें नव्या सरकारनें करार रद्द केला. माझा पाठ येथें तुटतो. एन्रॉनच्या रिबेका मार्क यांच्या खुर्चीवर तुम्ही आहां: लंडनच्या लवादाकडे जाल, नव्यानें बोलणीं कराल, कीं गाशा गुंडाळाल?

मुलें रंगतात. चांगलीं उत्तरें देतात. मग मी पुढची हकीकत सांगतों. बोलणीं झालीं, १९९६ मध्यें काम पुन्हा सुरू झालें, मे १९९९ पासून ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा चालूं लागला. इंधन नॅफ्था. त्याचे भाव चढले, रुपया उतरला, आणि २००० सालीं युनिटचा दर कांहीं महिने सात रुपयांच्या वर गेला. मे २००१ मध्यें यंत्रें थांबलीं, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत, हिशेबांतील लबाड्या उघडकीस येऊन, खुद्द एन्रॉनचेंच दिवाळें निघालें. २००५ सालीं तो कारखाना 'रत्नागिरी गॅस अँड पॉवर' या नव्या कंपनीकडे आला. म्हणजे १९९५ मध्यें ज्या डावाला माझ्या हुशार विद्यार्थ्यांनीं जिंकलेला डाव ठरविलें, तोच सहा वर्षांनीं दोन्ही पक्षांच्या गळ्याचा फांस झाला.

कांहीं वर्षांपूर्वीं या तासाला मागच्या बाकावर गुहागर तालुक्यांतली एक मुलगी बसत असे. मितभाषी, टिपणें सुवाच्य. चर्चा संपल्यावर ती म्हणाली, "सर, कंपनी आली तेव्हां माझ्या वडिलांना तिथें काम मिळालं, आणि बंद पडली तेव्हां गेलं. काकांनी मोर्चात लाठ्या खाल्ल्या. दोघं एकाच घरात राहतात." एवढें बोलून ती खालीं बसली. अंजनवेल-वेलदूर भागांतील निदर्शकांवर झालेल्या पोलिसी कारवाईविषयीं ॲम्नेस्टीनें १९९७ मध्यें आणि ह्यूमन राइट्स वॉचनें १९९९ मध्यें अहवाल प्रसिद्ध केले होते. ते मीं वर्गाला वाचावयास दिले. पण अहवालांत त्या घरांतलें जेवण कसें होत असेल तें नव्हतें.

वार्षिक परीक्षेंत प्रश्न होता: करार रद्द झाल्यावर कंपनीला सल्ला द्या. त्या मुलीनें सल्ला दिला तो वीज मंडळाला! मागणीचा अंदाज, दराचें गणित, कोणती हमी कोणत्या कलमानें सोडवितां येईल, सर्व सात पानांत, एकहि फुकट विशेषण न वापरतां. माझे सहपरीक्षक म्हणाले, "प्रश्नाचें उत्तर नाहीं, गुण कसले द्यावयाचे?" नियमानें त्यांचें म्हणणें चूक नव्हतें. आम्ही दोन दिवस वाद घातला. सुमंत्र घोषाल यांचा मृत्यूनंतर, २००५ मध्यें, प्रसिद्ध झालेला एक निबंध मीं त्यांच्यापुढें ठेवला. माणूस स्वार्थीच असतो असें गृहीत धरणारीं आमचीं शास्त्रें विद्यार्थ्यांना नैतिक जबाबदारींतून मोकळें करून टाकतात, असा त्यांतला आरोप आहे. सहपरीक्षकांनीं तो वाचला आणि शांतपणें विचारलें, "मग उद्यां प्रत्येकानें आपापल्या गांवाचें उत्तर लिहिलें तर?" यावर माझ्यापाशीं उत्तर होतें, पण तें गुणपत्रिकेच्या रकान्यांत बसणारें नव्हतें. अखेरीस निम्म्याहून थोडे अधिक गुण ठरले. ती उत्तीर्ण झाली, आणि आज एका परदेशी सल्लागार कंपनींतच काम करते. यांत कोणाला विसंगति वाटली तर वाटो. मला वाटत नाहीं. करार वाचतां येणारीं माणसें टेबलाच्या दोन्ही बाजूंना लागतात, आणि एका बाजूचें काम शिकल्याशिवाय दुसऱ्या बाजूला बसतां येत नाहीं.

त्या वर्षापासून प्रश्नपत्रिकेंत मीं एका पोटप्रश्नाची भर घातली आहे: कंपनीला दिलेला आपला सल्ला कंपनीच्या हातीं पडण्यापूर्वीं आपल्याच हातीं आला आहे असें समजून वीज मंडळास उत्तर सुचवा. यजमान सरकार, मंडळ, गांव यांपैकीं कोणाचीहि बाजू घ्यावी. मात्र आंकडे तेच ठेवावे. उत्तरें पूर्वींपेक्षां वाईट येतात. पहिला भाग सफाईदार असतो आणि दुसऱ्यांत खाडाखोड फार असते. वेळ तीन तासांचाच असल्यामुळें दोन्ही भाग लिहून होत नाहींत, अशी विद्यार्थ्यांची लेखी तक्रार सध्यां माझ्या टेबलावर आहे.