परगावी गेलेले मन

पाय गावात आणि मन परगावी, ही माणसाची जुनीच खोड आहे. दिवाळीच्या आठवड्यात आमच्या जालन्यात गांधी चमन ते बडी सडक एवढे हिंडले तरी तिचे मनसोक्त दर्शन घडते. एका हातात आकाशकंदील, दुसऱ्या हातात पिशवी आणि कान व खांदा यांच्यात दाबून धरलेला मोबाईल, अशा थाटात गृहस्थ रस्ता ओलांडत असतात. वाणसामानाची यादी ऐकणाऱ्या त्या कानात मागचा भोंगा शिरणार कसा?

सारा दोष त्या मोबाईलच्या माथी मारण्याचा मोह होतो. पण रेडियमच्या शोधाने नावाजलेले पिएर क्युरी 19 एप्रिल 1906 रोजी पॅरिसमध्ये भर पावसात रस्ता ओलांडताना घोड्यांच्या जड मालगाडीखाली सापडले आणि गेले. विचारात हरवून जाणारा माणूस अशीच त्यांची ओळख होती. त्यांच्या खिशात कुठला आला मोबाईल?

तेव्हा भान हरपणे जुनेच. वाढला आहे तो वेग. ताशी 50 किलोमीटरने धावणारी मोटार एका सेकंदात 14 मीटर पुढे येते. माणूस दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत तो सेकंद सरतो, आणि गाडी थांबायला पुढे आणखी जवळजवळ तेवढीच जमीन लागते. आमच्याकडच्या कारखान्यांतून सळया भरून निघालेल्या ट्रकला तर त्याहूनही अधिक! 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसे मेली. त्यांतला सुमारे पाचवा हिस्सा पायी चालणारांचा. ते सारेच काही बेसावध नसतील. जिथे पदपथच नाही, किंवा त्यावर दुकान मांडलेले आहे, तिथे बापड्या वाटसरूने जावे कुठे?

म्हणून मी वर्गात सांगतो, ‘पदपथ नसेल तिथे उजव्या कडेने चाला. आपल्याकडे वाहने डावीकडून जातात. उजव्या कडेला जवळून जाणारे वाहन समोरून येते, म्हणून दिसते. पाठीमागच्या ट्रकपेक्षा समोरचा बरा!’

मुले हसली. एक चिमुरडी मात्र उभी राहून म्हणाली, ‘गुरुजी, मी बघते. पण बाबा फोनवर बोलत मला ओढत नेतात, तेव्हा काय करायचं?’

या प्रश्नाला क्रमिक पुस्तकात उत्तर नाही. ते फराळाची बशी पुढ्यात घेऊन हा अंक चाळणाऱ्या बाबांपाशीच आहे. बाबा, कडेला थांबा, बोलणे संपवा, मग पाऊल टाका. फोनवरचा माणूस दोन मिनिटे थांबेल. तुमचे बोट धरलेल्या पोरीला मात्र थांबता येत नाही. तुम्ही न्याल तिकडे तिला यावेच लागते.